सरलादींचा शंख

१४ जानेवारी १९७१, गुरुवार

शाळेच्या फाटकावर बॉम्ब टाकला आज! मी सातवीला नद्या शिकवत होते — आणि फळा हलला. मुली बाकाखाली. एक किंचाळत होती ती थांबेचना, तिच्या तोंडावर हात दाबून धरला. तिने तळव्याला कडकडून चावा घेतला. बिचारी. खाली गेले तर दरवान भिंतीला टेकून बसलेला. एका पायात वहाण होती. दुसऱ्या पायाकडे मी पाहिलं नाही. मोठ्या बाईंनी रक्तावर राख टाकायला लावली आणि पुढचा तास वेळेवर सुरू झाला.

संध्याकाळी घरी संक्रांत. वहिनीचं हळदीकुंकू. इथल्या, कलकत्त्याच्या मराठी मंडळातल्या यच्चयावत सुवासिनी काळ्या साड्या नेसून हजर. मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापत होते. दादा आत आला. दत्तात्रय म्हणून कोणी आहे — नागपूरहून बदलीवर आलाय, बँकेत मोठ्या जागेवर, बायको वारली. "तुझ्या वयाकडे तो बघणार नाही म्हणालाय." मी म्हटलं, मी त्याच्याकडेच बघणार नाही. दादाने वड्यांचं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं.

बाहेर बायकांतलं कोणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "अगं बाई, ताट निसटलं वाटतं!" आणि सगळ्या हसल्या.

बॉम्ब बरा. त्याला कोणी निसटला म्हणत नाही.

१७ जानेवारी, रविवार

लेकच्या काठावर लीना भेटली. शाली पांघरून दोन बायका बाकावर बसल्या की कोणी वळून बघत नाही. बहिणी वाटतो. तीन वर्षं बहिणीच वाटतोय सगळ्यांना! लीना इथलीच, आजोबांपासून कलकत्त्यात. आई-वडील दोघं गेले, भाऊ नाही, बहीण नाही. लेडीज होस्टेलात राहते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करते. तिचं मराठी ऐकून मंडळातल्या बायका तोंडाला पदर लावतात. "पाणी खाते" म्हणते. बंगालीत पाणी खातात म्हणे. कविता मात्र बंगालीत अशा करते की मला निम्म्या कळत नाहीत आणि तरी झोप उडते.

आज म्हणाली, "बजबजला एक घर आहे. जाऊ या?"

कालिंदीदी — कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त. सरलादी — नर्स होत्या. दोघी तीस वर्षं एका घरात, एका खोलीत. दर हिवाळ्यात लिहिणाऱ्या बायकांना चार दिवस राहायला बोलावतात. सगळ्याच लिहिणाऱ्यांना नाही. आमच्यासारख्यांना.

"आमच्यासारख्या म्हणजे?" मी मुद्दाम विचारलं. तिला ते मोठ्याने म्हणायला लावायचं होतं.

"म्हणजे ज्या बाईवर प्रेम करतात, शकुन. आणि खोटं बोलून बोलून ज्यांच्या तोंडाला फेस आलाय."

भांडले तिच्याशी. म्हटलं, असली शिबिरं म्हणजे एकमेकींच्या कविता ऐकायच्या आणि उसासे टाकायचे! खरं कारण ते नाही. भीती वाटते. तिथे आमच्यासारख्या पुष्कळ असतील, आणि मग हे फक्त लीनापुरतं आहे असं मला म्हणता येणार नाही.

२१ जानेवारी, गुरुवार

दादाला सांगितलं — शिक्षिकांचं शिबिर आहे, सरस्वतीपूजेच्या सुट्टीला जोडून. "दिवस काय आणि शिबिरं कसली!" पण सोडतोय. दत्तात्रयाला सात फेब्रुवारीला चहाला बोलावलंय, तोवर मी बिथरायला नको. बैलाला बाजारात न्यायच्या आधी चांगली पेंड घालतात.

२५ जानेवारी, सोमवार

सकाळी कोपऱ्यावर दोन मुलगे पालथे पडलेले. मिसरूडही फुटलेलं नव्हतं. लोक दुधाच्या बाटल्या घेऊन वळसा घालून जात होते. मीही गेले.

२८ जानेवारी, गुरुवार. बजबज

बालीगंजला लोकल पकडली. स्टेशनवर शिपायांनी पिशव्या ढवळल्या, बंदुकीच्या टोकाने. एकाला तिळाची वडी सापडली. ती तोंडात टाकून म्हणाला, जाओ.

बजबजला जूटमिलला टाळं. फाटकाशी पोलिसांचे तंबू. तिथून एक अरुंद गल्ली आत जाते, आणि गल्ली संपते तिथे घर, घराच्या मागे गंगा. दारात पाय टाकणार तोच आतून कोणी ओरडलं — "थांबा! आत येऊ नका!" म्हटलं झालं, इथेही आम्ही नकोच.

तसं नव्हतं. कालिंदीदी ताम्हण घेऊन आल्या — उंच, हडकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा. ताम्हणात दिवा, दूर्वा, भात. उंबऱ्यात ओल्या पिठाची रांगोळी. आम्हा दोघींना तिच्यावर शेजारी शेजारी उभं केलं. बंगाल्यांकडे नवी नवरी घरात घेताना करतात तसं, अगदी साग्रसंगीत! ओवाळलं, डोक्यावर भाताचे दाणे टाकले, तोंडात संदेश-मिठाई कोंबली. "दोघीही नवऱ्या," कालिंदीदी म्हणाल्या. "नवरदेव कोणी नाही. फार सोयीचं असतं." आणि मागे सरलादी — बुटक्या, गोल — गाल फुगवून शंख फुंकत होत्या. मानेच्या शिरा तट्ट. घरात येणाऱ्या प्रत्येक जोडीला असंच घेतात म्हणे. शंख वाजल्याशिवाय आत पाऊल नाही.

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. शंख दिवेलागणीला वाजायचा, भर दुपारी कोण फुंकतं? सरलादींनी खिडक्यांकडे पाहून हात हलवला आणि आणखी जोरात फुंकला.

मी रडले. मग मला रागच आला. एकतीस वर्षांची झाले, दादा-वहिनीच्या लग्नात सगळ्यांना अक्षता वाटत फिरले. माझ्या डोक्यावर दाणे टाकायला ह्या कोण कुठल्या म्हाताऱ्या लागल्या!

लीना हसत होती. तिचे दात किती छान आहेत. इथे ते लिहिताना कोणाची चोरी नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

आम्ही आठजणी आहोत. इथलं बाहेर न्यायचं नाही, हे आल्याआल्याच ठरलं. दिवसभर गच्चीवर चटया टाकून लिहायचं. बोलायचं नाही. सरलादी मधूनच चहा आणि मुढी, म्हणजे आपले कुरमुरे, देऊन जातात. संध्याकाळी खाली जमायचं आणि जे लिहिलं ते आपापल्या भाषेत वाचायचं. भाषांतर करायचं नाही, हा कालिंदीदींचा नियम. "समजलं नाही तरी ऐका. आम्हाला आयुष्यभर कोणी समजून न घेता ऐकलंय का?" ऐकणारीने फक्त सांगायचं, काय ऐकू आलं.

मी गोष्ट लिहिली. एक बाई पाट्यावर चटणी वाटते आहे. भाऊ मागे उभा राहून बोलतो आहे, बोलतो आहे, बोलतो आहे. शेवटी ती वरवंटा उचलते. मी काही ते आधी ठरवलं नव्हतं. हात चालत गेला. वाचताना आवाज इतका चढला की शेवटी घसा बसला.

कोणाला अक्षर कळलं नाही, लीनाखेरीज. मग सरलादी म्हणाल्या, "कोणाला तरी मारलंस ना, मा? बरं केलंस. इथेच मारून टाक, घरी नेऊ नकोस."

लीना नंतर जिन्यात माझी मनगटं धरून म्हणाली, "तू इतकी भरलेली आहेस आणि मला सांगितली नाहीस?" तिला मी ओठांवर ओठ ठेवून गप्प केलं. वरून कोणी तरी उतरत होतं. ती बाई "सरा, वाट द्या" म्हणाली आणि गेली! बस. एवढंच. आयुष्यात इतकं साधं काही झालं नाही माझ्या.

३० जानेवारी, शनिवार

बर्दवानच्या दोघी शिक्षिका आज येणार, गाडी चुकली होती. सरलादींनी सकाळपासून शंख पुसून ठेवलाय. नदीवर धुकं. मी खूप दिवसांनी पोटभर झोपले.

१ फेब्रुवारी, सोमवार. घरी

ओठाला टाके आहेत. बोलता येत नाही ते बरंच आहे. लिहिते. नाही लिहिलं तर डोकं आपटेन.

परवा बर्दवानच्या दोघी फाटकाशी आल्या. कालिंदीदींनी ताम्हण घेतलं. सरलादींनी शंख लावला तोंडाला. आणि नेमकी त्याच वेळी पोलिसांची जीप गल्लीत वळली.

आम्हाला काय ठाऊक! त्या गल्लीतल्या नक्षल पोरांची खूण होती ती — पोलीस आत शिरले की कुठल्यातरी घरातून शंख फुंकायचा, की पोरं पळतात. सरलादी तीन दिवस भलत्या वेळी शंख फुंकत होत्या, पोलीस तेव्हापासूनच कान टवकारून होते. परवा शंख वाजला, समोर जीप दिसली, आणि पोरांना वाटलं इशाराच आहे. कौलांवरून बॉम्ब आला. एका शिपायाचा हात — मनगटापासून पुढे काहीच नव्हतं. तो आपल्या हाताकडे बघत उभा होता, ओरडतही नव्हता.

मग पोलीस शंख वाजला त्या घरात घुसले.

दार मोडायची गरज नव्हती, उघडंच होतं. बंदुकीच्या दस्त्याने पहिला कालिंदीदींचा चष्मा गेला, मग दंड. हाड मोडल्याचा आवाज लाकडासारखा येतो. ताम्हण, दिवा, तूप सगळं जमिनीवर. बर्दवानची एकजण पोटावर लाथ बसून उंबऱ्यातच पडली, त्याच रांगोळीवर. माझ्या तोंडावर काय बसलं ते मी पाहिलंच नाही, फक्त तोंडात दात हललेला लागला.

"शंख कोणी फुंकला?" एक शिपाई ओरडत होता. सरलादी पुढे झाल्या. "मी. नव्या नवऱ्या आल्या होत्या ना." खरं तेच सांगितलं बाईने! त्याला वाटलं थट्टा करते आहे. केसांना धरून फरफटत पायरीपर्यंत नेलं. त्या वयाच्या बाईला! आणि पायरीवर त्यांचं डोकं आपटलं. एकदा. पुन्हा.

तेव्हा लीना स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात वरवंटा.

त्या शिपायाचं डोकं मी फुटताना पाहिलं. लीनाचा चेहरा अगदी शांत होता, फोन जोडून देताना असतो तसा. नंतर ते सगळे तिच्यावर पडले. माझ्याने जवळ जाववेना. ती खाली दिसत नव्हती, फक्त बूट वर-खाली होत होते.

माझ्या गोष्टीतून उचलला का तिने वरवंटा? तिला एकटीलाच कळली होती गोष्ट.

म्हाताऱ्या दोघींना दवाखान्यात पाठवलं, मला आणि लीनाला ट्रकमध्ये घालून ठाण्यावर नेलं; बाकीच्या मागे नदीकडे निसटल्या होत्या. नाव, बापाचं नाव, पत्ता. माझ्या तोंडून दादाचं नाव बाहेर पडलं, त्याचा हुद्दाही. केंद्र सरकारचा अधिकारी म्हटल्यावर दारोगा खुर्चीत सरळ झाला. फोन गेला. कलकत्त्याहून श्यामराव आले — मंडळाचे श्यामराव, गणपतीत आरतीला पुढे असतात ते, पोलिसात वरच्या जागेवर. मला हाताला धरून बाहेर काढलं. लीनाला विचारलं, तुझं कोण आहे? ती म्हणाली, कोणी नाही.

मी तिथेच उभी होते. कोणी नाही म्हणाली.

२ फेब्रुवारी, मंगळवार

दादाने आधी टाके बघितले, मग दुसऱ्या गालावर मारली. "नक्षलवाद्यांच्या अड्ड्यावर! माझी बहीण!" श्यामरावांनी उपाय सुचवलाय म्हणे. मी लिहून द्यायचं की मला काही ठाऊक नव्हतं, लीनाने फसवून नेलं. माझं नाव कागदावरून निघेल.

"आणि लीनाचं?"

"ती शिपायाचं डोकं फोडते आणि तुला तिची पडलीय?"

वहिनीने हळदीचं दूध दिलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

शाळेला जाते म्हणून निघाले आणि ठाण्यावर गेले. डबा नेला होता, वरणभात. आत घेतला नाही. भिंतीला लागून उभी राहिले. आतून आवाज येत होता. तो लीनाचा आहे की नाही हे मला ओळखता आलं नाही — तीन वर्षं तो आवाज रोज ऐकला आणि ओळखता येत नाही!

झाडूवाली बाहेर आली. तिला विचारलं. "टेलिफोनवाली ना? बोलतच नाही ती. कोणत्या पार्टीची, कोण कोण होतं, काही नाही. हाताची बोटं बघवत नाहीत." मग जवळ येऊन, "लवकर सोडवा, दीदी. असल्यांना गाडीत घालून नेतात, आणि दुसऱ्या दिवशी सांगतात पळून जात होती."

डबा तिलाच दिला. घरी येईपर्यंत लोकलमध्ये दात ओठात रुतवून बसले, टाका सुटला.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सरलादी गेल्या.

दवाखान्यात कालिंदीदी बाकावर बसून होत्या, हात गळ्यात बांधलेला, चष्मा नाही. प्रेत त्यांना दिलं नाही. "आपण कोण त्यांच्या?" विचारलं. त्या म्हणाल्या, "शेजारीण." सरलादींचा एक पुतण्या आहे, वीस वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं, त्याने सही करून नेलं.

मी त्यांच्या पायाशी बसले. विचारलं, खरं सांगून टाकू का पोलिसांना? की अड्डा नव्हता, बॉम्ब नव्हते, आपण कोण होतो, कशाला जमलो होतो ते? नक्षल नाही म्हटल्यावर लीनाला जामीन तरी मिळेल. पण मग घराचं नाव होईल. सगळ्याजणींचं होईल. कोणाची नोकरी राहणार नाही. त्या घरातलं बाहेर न्यायचं नाही असं आपलं ठरलं होतं.

कालिंदीदी माझ्याकडे बघत होत्या, पण चष्म्याशिवाय त्यांना दिसत नसणार. "आज मी तिला शेजारीण म्हटलं," त्या म्हणाल्या. "तू नको म्हणूस. जा, बोल."

५ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलले!

श्यामराव संध्याकाळी घरी आले, माझा जबाब घ्यायला. वहिनीने चहा ठेवला. दादा त्यांच्याशेजारी. मी उभ्यानेच सांगितलं. सांगितलं की तो अड्डा नव्हता. तिथे बायका लिहायला जमतात, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका. शंख आमच्या स्वागताचा होता. लीनाचा कुठल्या पार्टीशी संबंध नाही, तिचा संबंध माझ्याशी आहे. तीन वर्षं. नवरा-बायकोचा असतो तसा. ओठ फाटलेला, शब्द थुंकीतून येत होते, पण एकही गाळला नाही.

श्यामराव कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तू माझ्या वरच्यांपुढे सांगशील?"

"सांगेन."

"मग केस बदलते. मारहाणीची राहील. जामीन होईल."

मला वाटलं जिंकले. खरंच वाटलं!

आणि दादा हसला. मोठ्याने, खेळीमेळीने, मंडळाच्या मीटिंगमध्ये हसतो तसा. "अहो श्यामराव, ती गोष्टी लिहिते! ठाऊक नाही का तुम्हाला? मैत्रिणीला वाचवायला रचलंय सगळं. लहानपणापासूनची खोड आहे."

श्यामरावांच्या चेहऱ्यावर काय ते सुटकेचं हसू आलं! "तेच म्हणतो मी. आपल्या घरातली मुलगी..." चहा संपवला. वहिनीला म्हणाले, चहा फक्कड झालाय. गेले.

दार लागल्यावर दादाने कमरेचा पट्टा काढला. म्हणजे विश्वास बसला होता त्याचा. सगळा, शब्दन्‌शब्द. "नक्षल असतीस तर बरं झालं असतं!" प्रत्येक फटक्याला तेच. "नक्षल असतीस तर चार लोकांत तोंड तरी दाखवता आलं असतं! म्हटलं असतं, पोरीचं डोकं फिरवलं कोणी! हे काय सांगू? हे काय सांगू लोकांना?" रडत होता. रडत मारत होता.

मी त्याच्या हाताला चावले. सोडलं नाही. हाडाला दात लागेपर्यंत सोडलं नाही. वहिनी मध्ये पडली, तिच्या पाठीवर बसला पट्टा, आणि तिने पहिल्यांदाच आवाज चढवला — "पुरे!" इतकंच. तो थांबला. त्याच्या मनगटावरून रक्त गालिच्यावर पडत होतं.

मला माझ्या खोलीत कोंडलंय.

६ फेब्रुवारी, शनिवार

वहिनीने दारातून सांगितलं. श्यामरावांचा फोन आला होता. लीनाने कबूल केलं — नक्षल आहे म्हणून. अंगठा घेतला, कारण लेखणी धरता येत नाही. खटला नाही, जामीन नाही, तुरुंगात रवानगी. कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही.

मार सोसवेना म्हणून कबूल केलं की आम्हा सगळ्यांवर पांघरूण घालायला? मला लीना ठाऊक आहे. घर वाचवलं तिने. मी ते काल दिवाणखान्यात उघडं केलं आणि माझ्या भावाने ते पुन्हा झाकलं!

वहिनी दारापलीकडेच उभी होती. "जिवंत आहे, वन्सं," म्हणाली.

७ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी तो दत्तात्रय येणार. वहिनीने खोली उघडली, मला वेणी घातली, गालाच्या वळावर पावडर लावली. टाक्यांचं कारण दादाने ठरवलंय — जिन्यावरून पडले. लग्न पुढच्या महिन्यात उरकायचं, नागपूरला, म्हणजे इथलं कोणी बोलायला नको.

वहिनीने स्वतःची लोकरीची शाल माझ्या मांडीवर ठेवली. म्हटलं, मला थंडी वाजत नाही. ती आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "पाहुणे आले की मी पोहे परतायला घेईन. पोहे परतताना मला मागचा जिना दिसत नाही."

तिचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघी ह्या घरात आहोत. मी तिला कधी काही विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. तुरुंग, बायकांचा वॉर्ड

ठाण्यावर जाऊन सांगितलं — टेलिफोनवाली एकटी नव्हती, मीही त्यांच्यातलीच, गच्चीवर बॉम्ब मी भरले. हे मात्र कोणी रचलेलं म्हटलं नाही! एका दमात लिहून घेतलं. दादा आला तोवर सही झाली होती. ही वही वहिनीने शालीत बांधून दिली होती. झडती घेणारीला म्हटलं पोथी आहे, तिने कपाळाला लावून परत केली.

लीना भिंतीशी बसली होती. उजवा हात फडक्यात. मला बघून उठली, जवळ आली, आणि डाव्या हाताने थोबाडीत मारली. "वेडी! बाहेर तू होतीस म्हणून मी सगळा मार खाल्ली!"

मग तिने कांबळ्याचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. इथे थंडीत सगळ्याच बायका एकमेकींना बिलगून झोपतात.